पेटी सुरू व्हायच्या आत

३ जून

ताई,

वाकून नमस्कार केला असं समज. दुकानातून लिहितोय, काउंटरमागे वाकायला जागा नाही. फोनवरच विचारलं असतं, पण तुमच्या ऑफिसात आकड्यांबद्दल मेसेजवर एक अक्षर चालत नाही, फोनसुद्धा दारातच काढून घेतात, हे तूच सांगितलंस. म्हणून घे कागद. कॉलेज सोडल्यापासून सलग चार ओळी लिहिल्या नव्हत्या. अक्षराला हसू नकोस.

साळुंकीचं गाणं आलं. तुझ्याच कंपनीने काढलंय, म्हणजे तुला माझ्याआधी कळलं असणार, आणि तू मला सांगितलं नाहीस. सख्खी नसलीस तरी मावसबहीण ना तू माझी? हे मी लक्षात ठेवलंय.

साळुंकी आठवते ना? तास सुरू असला तरी जिची बडबड थांबायची नाही, म्हणून मीच ठेवलेलं नाव. बडबड थांबली की गायची. आई विचारते तेव्हा तू ‘त्याला अभ्यास जमला नाही’ म्हणून माझी बाजू सांभाळतेस, पण मी कॉलेज का सोडलं ते तुला एकटीला माहीत आहे. तालीम सुरू होती. ती गात होती, मी समोर बसलो होतो. उकडत होतं म्हणून वरचा निळा सदरा काढून खुर्चीला अडकवला होता. तेवढ्यात तो पेटीवाला उशिरा उगवला, कीबोर्ड मांडला (मी त्याला पेटीच म्हणणार), आणि पाच मिनिटांत दोघं कुठल्याशा सुरावरून हसायला लागले. एकमेकांकडे बघून. मी खुर्चीला लाथ घातली आणि गाणं अर्ध्यावर असताना निघून आलो. सदरा तिथेच राहिला. आठवड्याभरात कॉलेजही तिथेच राहिलं.

आता ऐक, गाणं कसं सुरू होतं:

दोरीवरती हलतो आहे निळा सदरा कुणाचा,
वारा बाहीत शिरून विचारी पत्ता त्या मुलाचा.

सांग, कुणाचा सदरा? जगात निळे सदरे लाखो असतील, पण तिच्याकडे राहिलेला एकच आहे. तालमीत एवढंच कडवं होतं, आणि तेव्हा ‘पांढरा सदरा’ होतं. नंतर बदललंय. कुणासाठी बदललं?

फक्त एकच घाण आहे. छत्तिसाव्या सेकंदाला त्याची पेटी सुरू होते. नाव पण तिच्या नावाला चिकटून, त्याच आकारात छापलंय. पेटी सुरू झाली की माझं बोट आपोआप बंद करायला जातं.

मला एवढंच सांग, ऐकतंय कोण? किती जण? मुलं किती? तुझं कामच ते आहे.

बाकी ठीक. दिवसाला पाच-सहा फोन दुरुस्तीला येतात, बहुतेक बॅटरीचे. बॅटरी बदलली की फोन दिवसभर चालू ठेवून बघावा लागतो, तोवर मी त्यांच्याकडे बघत बसतो. आई बरी आहे. शिवताना कसलंतरी रडकं गाणं गुणगुणत असते, खुर्चीचं की भिंतीचं, देव जाणे.

तुझा,
लवंग्या

१० जून

लवंग्या,

आशीर्वाद. नाव बरोबरच ठेवलंय तुझं. एवढासा जीव, पण वाजायला तयार.

आधी उत्तर देते, मग झापते. आठवड्यात नऊशे वेळा वाजलंय. ऐकणारे सातशे. मुलं किती ते दिसतं, पण सांगणार नाही, कारण तू त्या प्रत्येकाला शोधत फिरशील.

आमच्याकडे ऐकणाऱ्यांचे दोन ढीग असतात. ऑफिसात त्यांना भारी भारी नावं आहेत, मी आपली म्हणते वेडे आणि वाटसरू. वेडा एकच गाणं दिवसातून चाळीस वेळा लावतो. वाटसरूला गायिकेचं नाव पण माहीत नसतं. तो भांडी घासत असतो, ॲप आपल्या मनाने एकामागून एक गाणी लावत असतं, त्यात हेही येतं. हात ओले असतात म्हणून बदलता येत नाही, म्हणून शेवटपर्यंत ऐकतो. आलेख वर चढतो तो वेड्यांमुळे. पण वेडे दमतात, किंवा त्यांची लग्नं होतात. गाणं वर्षभर जगतं ते वाटसरूंच्या ओल्या हातांवर. तीस सेकंद ऐकलं की ॲप एक धरतं, मग ऐकणारा वेडा असो की शहाणा.

तुझ्या साळुंकीकडे अजून वेडे फारसे नाहीत. जुलैअखेर मॅडम ठरवतील तिचं दुसरं गाणं काढायचं की नाही. मॅडम म्हणजे आमच्या वरच्या. त्यांना चढता आलेख आवडतो. हे मी तुला सांगायला नको होतं, सांगून बसले.

आता झापते. पेटीवाल्याचं वेड सोड. चांगलं वाजवतो तो. आणि गाणं पूर्ण ऐकलंस का रे? तुझ्या पत्रात सगळं पहिल्याच कडव्याचं आहे.

मावशीला नमस्कार. तिला म्हणावं, माझा तो ब्लाउज सैल केला असेल तर पाठव.

ताई

१४ जून

ताई,

‘चांगलं वाजवतो तो.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचलं असतं तर कागद फाडला असता. तूसुद्धा?

गाणं पूर्ण ऐकलंस का म्हणे. ज्या गाण्यात मी आहे ते मला माहीत नसणार?

आणि ते तुझे वाटसरू. काल एक गिऱ्हाईक आलं, चाळिशीचा माणूस, हातात फुटक्या काचेचा फोन आणि तोंडाने शीळ. सुरुवातीला तीच चाल, पुढे भलतंच काहीतरी. म्हटलं, ‘कुठलं गाणं हो काका?’ तर म्हणतो, ‘कुणास ठाऊक, कुठेतरी लागलं होतं.’ कुठेतरी. म्हणजे मी इथे जळून कोळसा होतोय आणि याला ती कुठेतरी लागली होती. त्याचा फोन तयार होता, तरी सांगितलं, उद्या या. आज आला, पुन्हा शीळ. पुन्हा सांगितलं, उद्या या. मालकांनी आतून ऐकलं आणि स्वतः येऊन फोन दिला. ते म्हणाले, ‘तुझं डोकं काढून आत चार्जिंगला लावू का रे?’

ताई, मला हे वाटसरू सहन होत नाहीत. ज्याला गाणाऱ्या मुलीचं नाव ठाऊक नाही त्याचा एक, आणि माझाही एकच? हा कुठला हिशोब?

पण असू दे. वेडे नाहीत म्हणतेस ना तिच्याकडे? बघशील.

ब्लाउज सैल करून ठेवलाय. आई म्हणते, तिला म्हणावं खाणं कमी कर.

लवंग्या

६ जुलै

लवंग्या,

बसला असशील तर उभा राहा, उभा असशील तर बस.

साळुंकीचं गाणं पळालंय. चौऱ्याण्णव हजार. यादीत आमच्या कंपनीची आठ गाणी आहेत, त्यात वरून दुसरं. आणि सांगू कुठून? तुमच्या गावातून. एकट्या तुमच्या गावातून एकोणनव्वद हजार. एकशे चाळीस जण आहेत, रोज पाच-सहा नवे येतात, आणि जो येतो तो दिवसभर तेच लावून बसतो. असे वेडे मी सात वर्षांत पाहिले नाहीत. कॉलेजातली मुलं असणार, एकमेकांना पैज लावून ऐकत असतील. तूही त्यात असशीलच, नाही म्हणू नकोस.

हे पहिल्यांदा मला दिसलं. मी आलेख काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला खुर्ची दिली.

आणि त्या आलेखात एक गंमत आहे. हे सगळे वेडे एकाच जागी उठून जातात. पस्तिसाव्या सेकंदाला, सुरीने कापल्यासारखे. मी घड्याळ लावून बघितलं, तिथे कीबोर्ड सुरू होतो. मॅडम म्हणाल्या, ‘लोकांना वाद्य नकोय, मुलगी हवी आहे.’ तेव्हा ठरतंय असं: गाणं नव्याने काढायचं, कीबोर्डचा तुकडा उडवायचा. त्याच्या पुढे शेवटचं कडवं आहे, तिथवर तर शंभरात चारसुद्धा पोचत नाहीत, म्हणून तेही उडवायचं. छोटं, चटपटीत गाणं. आणि दुसऱ्या गाण्याला वादक दुसरा.

तुझ्या पोटातलं दुखणं आकड्यांनीच बरं केलं बघ. मी तेव्हा ‘चांगलं वाजवतो’ म्हणाले होते, ते मागे घेते. माझ्या कानापेक्षा एकोणनव्वद हजार कान मोठे.

एक काम कर. मॅडमना गावातल्या ऐकणाऱ्याचं एखादं पत्र हवंय, कीबोर्ड का आवडत नाही ते सांगणारं. तुझ्या मित्रांपैकी कुणाकडून तरी चार ओळी लिहून घे. नाहीतर तूच लिही. खरं तेवढंच लिही.

ताई

९ जुलै

ताई,

तुझं पत्र मी दुकानात उभ्यानेच वाचलं आणि हसत सुटलो. मालक म्हणाले, ‘काय, लॉटरी लागली?’ म्हटलं, त्याहून मोठी.

हे घे, मॅडमना दाखव:

‘आमच्या गावात हे गाणं घराघरात ऐकलं जातं. आवाज थेट काळजात जातो. परंतु मध्येच जे वाद्य सुरू होतं त्याने रसभंग होतो. वाजवणारा स्वतःला फार शहाणा समजतो असं वाजवण्यावरून वाटतं. ते काढल्यास सर्व श्रोते आभारी राहतील. एक श्रोता.’

सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. मी विचारलंय. त्या शीळवाल्या काकांनाही विचारलं, तेसुद्धा म्हणाले पेटी नको.

आता तो काय करणार गं? त्याला कोण सांगणार? साळुंकी सांगेल का? समोरासमोर सांगेल का, की आपण यापुढे एकत्र नाही? तेव्हा त्याचं तोंड कसं होईल ते मला बघायचं होतं. तुला दिसलं तर नीट बघून ठेव आणि सविस्तर लिही. मी त्या दिवशी लाथ मारून बाहेर पडलो तेव्हा माझं तोंड कसं झालं होतं, ते त्याने पाहिलं होतं. फिटंफाट.

शेवटचं कडवं जाईना का. माझं पहिल्यात आहे.

आई म्हणते, डोळे लाल का झालेत. म्हटलं, बारीक स्क्रू बघून.

लवंग्या

१७ जुलै

लवंग्या,

सविस्तर लिही म्हणालास, लिहिते.

काल दोघांना बोलावलं होतं. मॅडमनी आलेख भिंतीवर लावला. मी कोपऱ्यात बसले होते, आलेख माझा म्हणून. मॅडमनी पेटीवाल्याला सगळं सांगितलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं, ‘स्वतःला फार शहाणा समजतो’ या वाक्यासकट. त्याचं तोंड तुला बघायचं होतं ना? काही झालं नाही रे त्याच्या तोंडाला. ती रेघ खाली पडते तिथे त्याने बोट ठेवलं. मग म्हणाला, ‘लोक माझ्यामुळे उठत असतील तर मला काढा. माझं नावही काढा. पण तिचं शेवटचं कडवं ठेवा. गाणं त्या कडव्यासाठीच आहे.’

मॅडम म्हणाल्या, तिथे कुणी पोचतच नाही.

तेव्हा तुझी साळुंकी उठली. मला वाटलं बडबड करेल. तर एवढंच म्हणाली, ‘पोचेल कुणीतरी. नसेल पोचत तर गाणंच काढून टाका. अर्धं गाणं मी देणार नाही.’

मॅडमनी एकतीस तारखेपर्यंत वेळ दिला आहे. कडवं काढायला हो म्हणाली तर दुसरं गाणं. नाहीतर हेही ॲपवरून उतरवतील.

ती जिन्यात भेटली. माझा हात धरून विचारलं, ‘तुम्ही आकडे बघता ना? एक माणूस शोधता येतो का त्यात?’ मी म्हटलं, एक माणूस नाही दिसत गं, ढीग दिसतो. ती म्हणाली, ‘मग राहू दे.’

मला तेव्हापासून घास गोड लागत नाहीये. पेटीवाला बाजूला जायला तयार, ती गाणं सोडायला तयार, आणि ते दोघं एकमेकांचे कुणी आहेत असं मला तरी दिसलं नाही. तो त्याच्या बायकोला फोन करत होता खाली, मुलगी तापाने फणफणली आहे म्हणून.

शेवटचं कडवं पाठीमागे उतरवून देते. तू ऐकलंच असशील म्हणा. तरी वाच.

ताई

(मागे)

अर्ध्यावर उठून गेलास, खुर्ची अजून हलते,
उरलेलं गाणं मी मग भिंतीलाच म्हणते.
निळा सदरा राहिला इथे, घडी घालून ठेवते,
शेवटपर्यंत थांबेल त्याला दार उघडून देते.

२० जुलै

ताई,

नमस्कार करायची लायकी नाही, म्हणून केला नाही.

तुझं पत्र काल घरी आलं. मी दारातच फोडलं, पाठीमागचं मनात वाचत होतो. दुसऱ्या ओळीपर्यंत आलो तर तिसरी ओळ आतून ऐकू आली. आईने म्हटली. मशीन थांबवून, दातात दोरा धरून, ‘निळा सदरा राहिला इथे’. मी आत जाऊन विचारलं, हे कुठून आलं तुझ्याकडे? ती म्हणाली, ‘अरे, माझ्या फोनवर लागतं ना रोज दुपारी. पहिलं कडवं मशीनच्या घरघरीत जातं. मग ती पेटी वाजते ना छान, ती लागली की मी मशीन थांबवते. मग ही मुलगी हे म्हणते. बिचारीचं कुणीतरी अर्ध्यावर उठून गेलंय बघ.’

जे रडकं गाणं म्हणून मी दीड महिना नाक मुरडत होतो, ते हेच.

ताई, आता लिहितो ते मॅडमना दाखव. माझं पूर्ण नाव खाली घाल.

तुमच्या आलेखातले एकशे चाळीस वेडे म्हणजे मी. एकटा. बॅटरी बदललेले फोन दिवसभर चालवून बघावे लागतात. गिऱ्हाइकांच्या फोनात ॲप असतंच, त्यांच्याच नावाने. मी रॅकवर ओळीने मांडायचो, आवाज शून्य करायचो, आणि स्वतःहून बोट लावणारं एक छोटं ॲप टाकायचो. ते गाणं सुरू करायचं आणि पस्तिसाव्या सेकंदाला परत मागे न्यायचं. तीस झाली की एक धरतात हे तूच लिहिलं होतंस. पस्तीसच का, तर छत्तिसाव्याला पेटी सुरू होते. मला तिला एक लाख द्यायचे होते आणि त्याला एकही नाही. संध्याकाळी ते ॲप काढून फोन परत करायचो. कालच एक निवृत्त हेडमास्तर ओरडत आले, ‘अरे, मी बातम्या ऐकतो. फोन मला सारखी प्रेमाची गाणी का सुचवतोय? बायको संशय घेते.’ मालकांना सगळं कळलंय. रॅक काढून घेतली त्यांनी. दुकानात ठेवलंय, पण गिऱ्हाइकाचा फोन हातात देत नाहीत. काचा पुसतो.

ते ‘एक श्रोता’चं पत्रही खोटं. कुणालाही विचारलं नव्हतं. शीळवाले काका शिळेत पुढे जे भलतंच घालायचे ते भलतं नव्हतंच, पेटीचा तुकडा होता. मी तो तुकडा कधी ऐकलाच नव्हता, तर मला कसं कळणार? काल आई तो तोंडाने वाजवून दाखवत होती तेव्हा कळलं.

मी ते गाणं एक लाखाहून जास्त वेळा लावलं, ताई, आणि एकदाही पूर्ण ऐकलं नाही. ज्याला ते म्हटलं होतं तो पस्तिसाव्या सेकंदाला उठून जात होता. रोज, दिवसभर, सहा-सहा फोनांवरून.

तुझी खुर्ची जाईल, माहीत आहे. मला शिव्या घाल. पण कडवं वाचव.

लवंग्या

२९ जुलै

लवंग्या,

शिव्या नऊ दिवस मनात घातल्या, आता शिल्लक नाहीत.

तुझं पत्र मॅडमना दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग विचारलं, ‘हा तुमचा कोण?’ म्हटलं, मावसभाऊ. त्या म्हणाल्या, ‘तरी तुम्हाला कळलं नाही?’ हे मात्र लागलं रे. तुझ्या पहिल्याच पत्रात बॅटऱ्या होत्या, पेटी होती, बोट होतं. सगळं माझ्या उशाशी होतं. मला चढता आलेख हवा होता म्हणून मला वेडे दिसले. माझा मावसभाऊ दिसला नाही. मला आता जुन्या गाण्यांच्या टेबलावर बसवलंय. तिथे शांतता असते.

ॲपवाल्यांना कळवलं, त्यांनी तुझे सगळे वजा केले. एक लाख चाळीस हजार गेले आणि राहिले सहा हजार तीनशे. यादीत शेवटून पहिलं. पण मग मी उरलेल्यांचा आलेख काढला. तुझ्या लाखाखाली ते चिरडून गेले होते, दिसतच नव्हते. लवंग्या, त्यात दहातले सात शेवटपर्यंत जातात. बहुतेक दुपारी. आणि पेटीच्या तुकड्यावर कुणी उठत नाही, उलट कामात असलेले तिथे कान देतात. मावशीसारखे. मॅडम म्हणाल्या, ‘गाणं आहे तसं राहू द्या.’ दुसऱ्या गाण्याचं मात्र या वर्षी नाही. सहा हजारांवर नाही होत. हे तुझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही, आणि नाही असंही म्हणत नाही.

साळुंकीला तुझं पत्र वाचायला द्यावं लागलं. तिने खिडकीपाशी उभं राहून वाचलं. मध्ये एकदा हसली, हेडमास्तरांपाशी असावी. मग कागदाची नीट घडी घालून मला परत दिला. पेटीवाल्याने विचारलं, कोण आहे हा एवढा माझ्यावर जळणारा? ती म्हणाली, ‘खुर्चीवाला.’ त्याला लगेच आठवलास.

जाताना म्हणाली, ‘त्याला सांगा, आता एकदा ऐक. एकदाच. पण उठायचं नाही.’ दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक पुडकं ठेवून गेली. उघडलं नाही मी. सोबत पाठवते आहे.

ताई

३ ऑगस्ट

ताई,

पत्र मिळालं. पुडकं पण.

दुपारी सुट्टी घेतली. आईच्या मशीनपाशी स्टूल ओढून बसलो आणि माझ्या फोनवर गाणं लावलं, आवाज मोठा करून. आई म्हणाली, ‘आज काय विशेष?’ म्हटलं, मशीन थांबव जरा. तिने थांबवलं.

पस्तीस झाली. बोट उचललं गेलं, खोटं बोलत नाही. हात मांडीखाली दाबून बसलो. छत्तिसाव्याला पेटी आली. चांगलं वाजवतो तो. लिहिताना अजूनही दात शिवशिवतात, पण वाजवतो. पहिल्या कडव्यात ती जे विचारते त्याला तो ‘हं, पुढे सांग’ म्हटल्यासारखा वाजवतो. त्या दिवशी तालमीत तेच करत होता. तिला गायला लावत होता, आणि मला ते हसताना दिसले.

मग शेवटचं कडवं. आईला पाठच होतं, तिने सोबत म्हटलं. मी उठलो नाही.

संपल्यावर आईने डोळे पदराला लावले आणि म्हणाली, ‘कोण रे ही?’ म्हटलं, आमच्या वर्गात होती. ती म्हणाली, ‘आणि तो गाढव?’ म्हटलं, तोही आमच्याच वर्गात होता. आईने माझ्याकडे बघितलं, मग पुडक्याकडे. तिनेच ते सोडलं, आत निळा सदरा. सदरा हातात घेऊन उलटसुलट केला, शिवण बघितली, कॉलर बघितली. म्हणाली, ‘घडी मन लावून घातली आहे पोरीने. मोडू नकोस.’ मोडली नाही. तसाच कपाटात ठेवलाय. दार माझ्यासाठी नाही एवढं कळतं मला, ताई. जो थांबेल त्याच्यासाठी आहे, आणि तो मी नव्हतो. कोण असेल त्याच्यावर मी आत्तापासूनच जळतोय, तेवढी सूट दे.

कॉलेजात परत नाव घालायची शेवटची तारीख पंधरा आहे. फॉर्म आणलाय. बघू.

उद्या तू जुन्या गाण्यांच्या टेबलावरून उठून जरा तो आलेख बघ. ढीग दिसतो, माणूस दिसत नाही, म्हणालीस. तरी बघ. आमच्या गावातून दुपारी पावणेतीनला एकजण शेवटपर्यंत गेलेला असेल. ॲप एकच धरेल.

आम्ही दोघं होतो.

लवंग्या